आमच्या पाच एचपीचा पिस्टन

गावातल्या एका पोरानं आजोबाचं जुनं डिझेल इंजिन बांधायला काढलंय. परवा म्हणे, "काका, पिस्टन कोणता आणू?" मी म्हणलं, "बोअर मापला का?" त्याले वाटलं मी विंधन विहिरीचं विचारतो! सिलिंडरच्या भोकालेही बोअरच म्हणतात, हे आता पोरायले सांगावं लागते. म्हणून आज पिकाचं सोडून इंजिनाचं लिहितो.

आमचं वावर नांदुरा तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या काठावर. 1972 च्या दुष्काळापर्यंत विहिरीवर मोट होती. दुष्काळात पाणी खोल गेलं, एक जोडी विकावी लागली. 1974 साली बापानं खामगावहून किर्लोस्करचं एव्ही-1 आणलं. पाच एचपी, 1500 फेरे, बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110. ही कंपनी पुण्याला खडकीत 1946 साली निघाली. त्याच्याही आधी साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं होत. अन् विलायतेतल्या लिस्टरचं ते दोन मोठ्या चाकांचं इंजिन, ज्याच्या नकला पुढं राजकोटात ढिगानं झाल्या, ते तर जुन्या लोकायले आवाजावरूनच ओळखू येते. टुक... टुक... टुक.

पिस्टनचा सगळा फरक त्या आवाजात आहे. लिस्टरचं सहा एचपी मिनिटाला 650 फेरे घेई. स्ट्रोक साडेपाच इंच. हिशेब केला तर पिस्टन सेकंदाला सरासरी तीन मीटर धावतो. आमच्या एव्ही-1 चा साडेपाच मीटर. टोकाला जाऊन उलट फिरताना पिस्टनच्या दर ग्रॅमला बसणारा ओढा लिस्टरच्या जवळपास चौपट होतो. मंद इंजिनात बिडाचा जड पिस्टन खपून जाई. वेगाच्या इंजिनाले हलका पाहिजे, म्हणून अ‍ॅल्युमिनियम आलं. पण अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. 80 मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशानं तापला तर सुमारे 0.16 मिलिमीटर वाढतो. लायनर बिडाचा, तो तेवढा वाढत नाही. मधली फट त्यासाठीच ठेवायची असते.

हे मले 1991 साली माहीत नव्हतं. इंजिन धूर टाकायला लागलं, ऑइल खाऊ लागलं. मी आधी दुकानात गेलो. होता तो अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घेतला, मंग मिस्त्रीकडे. त्यानं त्या पिस्टनाच्या बेतानं बोअर केला, हातानं सरकून पाहिला, "मस्त बसला" म्हणाला. मीही खुश.

गहू ओंबीवर होता. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन जड झालं, आवाज बसला अन् जाम. हँडल हलेना. उघडलं तर पिस्टनचा अंगरखा दोन्ही बाजूनं ओरबाडलेला, लायनरले अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं. फट कमी होती हे खरं, पण वॉटर जॅकेट खरवडलं तर पांढरी खपली निघाली, नखाएवढी जाड. सतरा वर्षं आमचं खारं पाणी त्यातून वाहत होतं. त्या खपलीमुळं लायनर थंडच होत नव्हता. नवा घट्ट पिस्टन कुठं टिकणार? दीड एकर गहू अर्धा भरला. बाप काही बोलला नाही. वर्षभर बोलला नाही, खरं सांगायचं तर.

दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्या लेथवाल्याकडे गेलो. तो म्हणे, "काऊन घाई करतं? पहिलं माप, मंग आण." त्यानं लायनर वर, मधात, खाली मापला, प्रत्येक ठिकाणी आडवा अन् उभा. लायनर वरच्या रिंगेपाशी जास्त झिजतो अन् अंडाकृती होतो, म्हणून एका मापावर भागत नाही. पिस्टन त्यानं खालच्या अंगाले, पिनीच्या काटकोनात मापला, कारण माथा मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. पिनीपासून माथ्यापर्यंतची उंची अन् माथ्यावरची वाटी जुन्याशी ताडून पाहिली. दुकानदार "सगळे एकच" म्हणतो, पण उंची चुकली तर पिस्टन हेडला ठोकतो नाहीतर कॉम्प्रेशन बसते. शेवटी नवा लायनर अन् स्टँडर्ड पिस्टन टाकला. फट किती ठेवायची ते त्यानं पिस्टनसोबतच्या कागदावरून घेतलं. थंड पाण्यासाठी दोनशे लिटरचा ड्रम लावला, तेच पाणी फिरत राहते, खपली थोडकी धरते.

पोराले मी तेवढंच सांगितलं: आधी जॅकेट खरवड, मंग माप घे. तो माप घ्यायला खामगावले गेलाय.

1991 चा पिस्टन अजून घरी आहे. उलटा ठेवून त्यात खिळे टाकतो आम्ही.