ऐतिहासिक पोशाख आणि घरची सुई

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, सनदा, शिलालेख, नाणी आणि पत्रव्यवहार एवढीच नावे आपल्या ओठांवर येतात. कापडाचे नाव कोणी घेत नाही. त्याला कारणही आहे. दगड उरतो, ताम्रपट उरतो. कापड मात्र कसर खाते, दमट हवा कुजविते, आणि त्यातूनही जे वाचते त्याची आपल्या घरी गोधडी होते. तरीसुद्धा अंगावरचे वस्त्र हे माणसाच्या सर्वांत निकटचे साधन होय. शिवजयंतीची मिरवणूक, शाळेचे संमेलन किंवा हौशी नाटक अशा निमित्ताने जुन्या काळचे पोशाख आज घरी शिवले जातात. हा छंद केवळ करमणुकीचा न राहता इतिहास समजून घेण्याची एक रीत होऊ शकेल, असे आम्हांला वाटते.

प्रथम आजचा आपला 'ऐतिहासिक' पोशाख कोठून आला ते पाहू. मखमल, चकाकती जर आणि भडक रंग ही त्याची लक्षणे. ती बव्हंशी छापील चित्रे, रंगभूमी आणि बोलपट यांच्याकडून आपल्याकडे आली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, आणि वस्त्रालंकारांनी नटलेली रंगीत चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. नाटकमंडळ्यांना तर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही राजा ओळखू यावा एवढा झगमगाट हवाच होता. पुढे भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२ साली आला, आणि पडद्यावरचा वेश हाच खरा वेश म्हणून मनात ठसला. ह्यात त्या कलावंतांचा दोष नाही. त्यांची गरज निराळी होती. चूक होते ती आपली, कारण रंगमंचाची सोय आपण इतिहास म्हणून स्वीकारतो.

चित्राच्या बाबतीत असा घोटाळा एकदा होऊन गेला आहे. दुसऱ्याच एका सरदाराचे चित्र कितीतरी काळ शिवाजी महाराजांचे म्हणून लोक पूजीत होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतील चित्र पुढे आणले, तेव्हा खरा चेहरा महाराष्ट्राला दिसला. सतराव्या शतकातील दख्खनी चित्रकारांनी काढलेली महाराजांची चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ऍम्स्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात आहेत. अंगात छातीशी बसता व कमरेखाली घोळदार असा जामा, कमरेला शेला, पायांत तंग सुरवार, डोक्यास तुऱ्यासह पागोटे, असा एकंदर वेश त्यांत आढळतो.

आता असा जामा घरी बेतावयास घ्यावा. पहिला धडा पन्ह्याचा. हातमागावर कापडाची रुंदी विणकराच्या हातांच्या आवाक्याएवढीच. म्हणून घेर एका तुकड्यात निघत नाही, तो कळ्या जोडूनच करावा लागतो. एक लांब पट्टी घेऊन ती तिरकी कापली की वर अरुंद आणि खाली रुंद अशा दोन कळ्या निघतात. कातरण जवळजवळ उरतच नाही. कापड किती मोलाचे होते हे त्या एका तिरक्या कापात कळते. जितक्या कळ्या अधिक तितका घेर मोठा; म्हणजे घेर हेच ऐश्वर्याचे माप होते.

दुसरा धडा काखेतील चौकोनी जोडतुकड्याचा. जुन्या बेतात बाही सरळ कापलेली असते. तो तुकडा नसेल तर हात वर उचलताच शिवण उसवते, मग तलवार कशी उचलावयाची? तिसरा धडा बंदांचा. मोगल काळातील चित्रांत हिंदू माणूस जाम्याचे बंद डाव्या बाजूस बांधतो आणि मुसलमान उजव्या बाजूस. बंदाची बाजू चुकली तर माणसाची ओळखच चुकते. चौथा धडा वेळेचा. एलिअस हाऊचे शिवणयंत्राचे पेटंट १८४६ चे, आयझॅक सिंगरचे १८५१ चे. म्हणजे शिवकाळापासून पेशवाईअखेरपर्यंतची प्रत्येक टीप हातची. एखादी कळी धावदोऱ्याने जोडून पाहावी. शिंप्याचा एक दिवस म्हणजे काय ते बोटांना समजते. रंगांचेही तसेच. पर्किनने पहिला रासायनिक जांभळा रंग १८५६ साली काढला. त्यापूर्वीचे रंग नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा आणि हळद यांचे.

इंग्लंडात ह्या कामाला शिस्त लावली ती जॅनेट अर्नोल्ड ह्या विदुषीने. संग्रहालयांतील मूळ कपडे प्रत्यक्ष मोजून त्यांचे बेत तिने आखलेल्या चौकटींवर काढले आणि १९६४ पासून पुस्तकरूपाने दिले; घरी शिवणाऱ्यांना त्यामुळे भक्कम आधार मिळाला. आपल्याकडेही साधने अगदीच नाहीत असे नव्हे. डॉ. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ १९५१ सालचा आहे. अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय १९४९ साली स्थापन झाले. पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे. तेथे जाऊन शिवण कोठे आहे, अस्तर कसे लावले आहे, हे डोळे भरून पाहावे.

शेवटी मावळ्याविषयी. मिरवणुकीत त्यालाही आपण मखमलीत गुंडाळतो. पण मावळा म्हणजे डोंगरातला शेतकरी. त्याच्या अंगावर जाडेभरडे कापड, चोळणा, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी. त्याला मखमल चढविली की त्याचे दारिद्र्य झाकले जाते, आणि त्या दारिद्र्यातून त्याने केलेला पराक्रमही त्याबरोबर झाकला जातो. यंदा घरातल्या मुलासाठी मावळ्याचा वेश शिवावयाचा असेल तर दोन वार जाडी खादी आणावी, बंद लावावेत, जुनी घोंगडी काढावी. आणि शिवता शिवता हे कापड असे का, हे त्याला सांगावे. जेथे आधार सापडला नाही तेथे आपण कल्पनेने काय केले, तेही वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी शेजारचे कोणी तोच वेश शिवावयास बसेल, तेव्हा ती वही त्याच्या उपयोगी पडेल.