परळमध्ये उभा राहिलेला चीन

मुंबईत बसून चीनचे चित्र काढण्याचा उद्योग आता मोबाइलवर आला आहे. चार शब्द लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र अर्ध्या मिनिटात मिंग काळातला राजवाडा, धुक्यातला पॅगोडा किंवा रेशमी झग्यातली राजकन्या समोर ठेवते. गिरगाव-लालबागच्या मंडळांचे फलक करणारे कलाकार, शाळेच्या प्रदर्शनाची पाने सजवणारे शिक्षक, इतिहासाच्या चित्रफिती बनवणारी तरुण मुले हे सगळेच हे साधन वापरतात. न पाहिलेल्या देशाचे चित्र घरबसल्या काढणे हा मात्र या शहराचा जुना छंद आहे. त्या छंदाचे सर्वांत मोठे प्रकरण परळमध्ये घडले. नव्या यंत्राकडे कसे पाहावे याचा धडाही त्याच प्रकरणात आहे, म्हणून ते इथे मांडतो.

लवजी कॅसलचा पत्ता

२९ ऑगस्ट १८४२ रोजी पहिल्या अफू युद्धाचा शेवट करणारा नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग इंग्रजांना देणाऱ्या या तहावर सह्या झाल्या त्या नानकिंगजवळ नांगरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ही नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत बांधली गेली होती आणि तिचे बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. माळव्याची अफू आणि पश्चिम भारताचा कापूस मुंबईच्या बंदरातून कँटनला जात होता. त्या व्यापारातून आलेल्या पैशावर या शहराच्या कितीतरी संस्था उभ्या आहेत. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला विद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते सर जमशेटजी जीजीभॉय हेही चीनच्या व्यापारातलेच.

चित्रांची ये-जाही याच वाटेने झाली. कँटनचे चित्रकार पारशी व्यापाऱ्यांची तैलचित्रे काढून देत. तिथेच काचेच्या उलट बाजूने रंगवलेली चित्रे भारतीय गिऱ्हाइकांसाठी तयार होत. त्यांत भारतीय स्त्रिया असत, देवदेवताही असत. काढणाऱ्याने भारत पाहिलेला नसे. समोर नमुना ठेवायचा आणि आपल्या हाताच्या वळणाने तो उतरवायचा, अशी ती रीत. त्यामुळे त्या चित्रांतल्या आपल्या माणसांच्या डोळ्यांना आणि चेहऱ्यांना पुष्कळदा चिनी वळण दिसते. परक्याचे चित्र काढताना हात आपल्या सवयीकडे वळतो, ही गोष्ट पुढे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वाडियांचे परळचे घर म्हणजे लवजी कॅसल. १९३३ मध्ये जे. बी. एच. आणि होमी या वाडिया बंधूंनी वाडिया मूव्हीटोन ही चित्रपटसंस्था काढली आणि तिचा स्टुडिओ याच आवारात थाटला. १९४२ मध्ये ‘प्रभात’ सोडून पुण्याहून आलेल्या व्ही. शांताराम यांनी त्याच जागी राजकमल कलामंदिर सुरू केले. ज्या घराण्याने चीनच्या किनाऱ्यावर पोचणारी जहाजे बांधली, त्याच्या आवारात चार वर्षांनी लाकूड, कापड आणि रंग यांचा चीन उभा राहिला. तो चित्रपट होता ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’.

सोलापूरचा डॉक्टर

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. ते डॉक्टर झाले परळच्याच सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात. केईएम रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय आणि राजकमलचा स्टुडिओ यांच्यात पायी पंधरा मिनिटांचेही अंतर नाही. म्हणजे ज्या वस्तीत कोटणीस वैद्यकी शिकले, त्याच वस्तीत पुढे त्यांचे पडद्यावरचे आयुष्य घडवले गेले.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर जनतेला आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे बाकीचे चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले.

१९३९ च्या फेब्रुवारीत ते येनानला पोचले. प्रत्येकाच्या चिनी नावात ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द जोडला गेला होता. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. घरून वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. पुढे आघाडीवरच्या भागात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांना शिकवले, चिनी भाषा आत्मसात केली आणि डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी घेतली. १९४१ मध्ये क्वो छिंगलान या परिचारिका-शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’, म्हणजे भारत-चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले.

१९४६ चा चीन

ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘एक परत आला नाही’ अशा अर्थाचे आहे. त्यावरून अब्बास आणि व. प. साठे यांनी पटकथा रचली. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्री ‘चिंग लान’ झाल्या, संगीत वसंत देसाई यांचे होते. युद्धकाळात कच्ची फिल्म सरकारच्या परवान्यावर मिळे. जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनची कथा इंग्रज सरकारला चालण्यासारखी होती, आणि काँग्रेसने पाठवलेल्या डॉक्टरची कथा राष्ट्रीय चळवळीलाही आपली वाटत होती.

हा चीन किती खरा होता? मराठी नटनट्या चिनी वेश आणि रंगभूषा करून हिंदीत बोलत होत्या. आजच्या प्रेक्षकाला ते खटकेल. कथेतही मोठे फेरफार होते. पडद्यावरचा कोटणीस प्लेगसारख्या साथीवर उपाय शोधतो आणि शेवटी त्याच रोगाला बळी पडतो. प्रत्यक्षात तसे झाले नव्हते. मग ही प्रतिमा कुठून आली असावी? माझा तर्क असा की तिची मुळे परळमध्येच शोधावीत. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये थैमान घालणारा प्लेग १८९६ मध्ये मुंबईत फुटला. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. स्वतःचा देह पणाला लावणारा डॉक्टर ही परळच्या माणसाला ऐकून माहीत असलेली गोष्ट होती. कँटनच्या चित्रकाराचा हात जसा चिनी वळणाकडे गेला, तशी परळची कल्पना परळच्या आठवणीकडे गेली असणार.

चित्रपटाच्या शेवटी चिंग लान बाळाला घेऊन कोटणीसांच्या घरी येते. खरी क्वो छिंगलान भारतात आली ती चित्रपटानंतर कित्येक वर्षांनी. पुढे ती अनेकदा आली आणि सोलापूरच्या माणसांशी तिने शेवटपर्यंत नाते राखले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला. क्वो छिंगलानचे निधन २०१२ मध्ये झाले. इतके दुःख पडद्यावरच्या शेवटात मावले नाही आणि मावणारही नव्हते, कारण ते अजून घडायचे होते.

एवढे असूनही या चित्रपटाने इतिहासाची हानी केली असे मला वाटत नाही. कारण तो आपण कोण ते सांगून येतो. सुरुवातीलाच नावे येतात: संस्था, दिग्दर्शक, लेखक, नट. जयश्रींना पाहून कोणी त्यांना क्वो छिंगलान समजत नाही. शंभर वर्षांनीही अभ्यासक म्हणू शकेल की हे १९४६ सालच्या मुंबईने पाहिलेले चीनचे स्वप्न आहे. चूक कोणाची, हेतू काय, पैसा कोणाचा, हे प्रश्न विचारायला समोर नाव असते.

यंत्राचा चीन

आता नव्या यंत्राकडे येऊ. ही यंत्रे आंतरजालावरची अगणित चित्रे आणि त्यांच्याखालच्या ओळी यांच्या जोड्यांवर शिकतात. ‘लायन-५बी’ या प्रसिद्ध संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. त्यांतल्या सुमारे २३० कोटींच्या ओळी इंग्रजीत आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुले झालेले ‘स्टेबल डिफ्यूजन’ मुख्यतः अशाच इंग्रजी भागावर शिकले. काम करण्याची पद्धत थोडक्यात अशी: यंत्र निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते आणि आपण दिलेल्या शब्दांशी जुळेल असा आकार टप्प्याटप्प्याने त्यातून साफ करत आणते. जे जास्त वेळा पाहिले, तेच जास्त सहज हाताशी येते.

म्हणून ‘प्राचीन चीन’ म्हटले की लाल कंदील, ड्रॅगन, वळलेली छपरे आणि धुके येते. ही पर्यटनाच्या आणि चित्रपटांच्या चीनची सरासरी आहे. कोटणीसांनी पाहिलेला चीन असा नव्हता. येनानचा परिसर पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा. माणसे राहत ती त्या टेकड्यांत खोदलेल्या कमानदार गुहांत, ज्यांच्या लाकडी जाळीच्या खिडक्यांना कागद लावलेला असे. अंगावर कापूस भरलेले जाड गणवेश. वू यिनश्येन या छायाचित्रकाराने १९३९ मध्ये टिपलेले बेथ्यून यांचे छायाचित्र जगभर गेले. त्यात शस्त्रक्रिया चालली आहे एका खेड्यातल्या देवळात. तपशील नेमका सांगितला तर यंत्र गुहाही काढते आणि देऊळही. पण तो सांगायला आधी तो माहीत असावा लागतो. वाचनाचे कष्ट यंत्राने वाचवलेले नाहीत.

सरासरीपेक्षा मोठा धोका दुसरा आहे. हे चित्र छायाचित्रासारखे दिसते. जुना पिवळसर रंग, ओरखडे, दुमडलेला कोपरा, सगळे मागवता येते. समजा, एखाद्याने कोटणीस आणि बेथ्यून एकाच टेबलावर शस्त्रक्रिया करत असल्याचे चित्र बनवले. हेतू चांगलाच असेल, दोघांना आदरांजली वाहण्याचा. पण बेथ्यून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले आणि कोटणीस त्यांच्या कार्यक्षेत्रात पोचले ते त्यानंतर. दोघांनी एकत्र काम केलेच नाही. कोटणीस आले ते एका मेलेल्या माणसाची रिकामी जागा भरायला, आणि तीन वर्षांनी तीच जागा त्यांनीही रिकामी केली. त्यांच्या त्यागाचे वजन इथे आहे. ते खोटे चित्र दिसायला गोड असले तरी नेमके हेच पुसून टाकते. ९ डिसेंबरला ते हजार मोबाइलवर फिरले, एखाद्या शाळेच्या भिंतीवर लागले, की पुढचा विद्यार्थी त्यालाच पुरावा मानेल. कोटणीसांची खरी छायाचित्रे मोजकी आहेत. मोजक्या खऱ्यांत हवी तेवढी खोटी मिसळली, तर खरी ओळखणार कोण?

पाटी लावणे

यावर बंदी हा उपाय मला पटत नाही. शांतारामांना कोणी ‘चीन पाहिल्याशिवाय चित्रपट काढू नका’ म्हटले असते, तर पुष्कळांना कोटणीसांचे नावही कळले नसते. कल्पनेने चित्र काढावे, पण ते कल्पनाचित्र आहे हे त्यावरच लिहावे. चीनने यंत्रनिर्मित चित्रांवर तशी खूण सक्तीची करणारे नियम १ सप्टेंबर २०२५ पासून लागू केले. योगायोग असा की कोटणीसांचे पथक मुंबईहून निघाले ती तारीखही १ सप्टेंबरच. भारतातही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अशा नियमांचा मसुदा पुढे आला. पण फलक रंगवणाऱ्याने, शिक्षकाने आणि संपादकाने कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात: हे यंत्राने काढलेले आहे, कोणत्या साधनाने, कोणत्या वर्षी, आणि कोणती सूचना देऊन. शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. काढणाऱ्याला काय माहीत होते आणि काय नव्हते, हे त्या सूचनेतूनच पुढच्या अभ्यासकाला कळेल.

आणि चित्र मागवण्याआधी थोडी पायपीट करावी. माझगावात चिनी मंडळींनी १९१९ मध्ये बांधलेले सी यप मंदिर आहे. चिनी नववर्षाला तिथे आजही उदबत्त्या लागतात. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी माणसांचा तो जिवंत पुरावा लालबागहून बसने जाण्याइतका जवळ आहे. सोलापुरात कोटणीसांच्या घरी स्मारक आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये काढलेली त्यांची टपाल तिकिटे आहेत, ‘अमर कहानी’ची फिल्म आहे. यांतली प्रत्येक गोष्ट आपले गाव आणि वर्ष सांगते.

लवजी कॅसलच्या आवारात उभारलेला चीन चित्रीकरण संपताच मोडला गेला असणार. सेटचे लाकूड पुढच्या चित्रपटाला लागले असेल. यंत्राचा चीन मात्र मोडत नाही, तो साठत राहतो. आजची चित्रे उद्या आंतरजालावर जातात आणि पुढच्या यंत्राच्या शिक्षणाचे खाद्य होतात. म्हणून आज आपण पाटी न लावता सोडलेले कोटणीसांचे एक खोटे छायाचित्र उद्याच्या यंत्राला खरे म्हणून शिकवले जाईल. सोलापूरहून निघून परळमध्ये शिकलेल्या आणि परक्या मातीत विसावलेल्या त्या डॉक्टरचा चेहरा तरी आपण त्याचाच राहू द्यावा.