रक्तपेढी आणि सैनिकाचा श्वास

मनुष्याचें रक्त शरीराबाहेर येतांच गोठूं लागतें. त्यामुळें एकाचें रक्त दुसऱ्यास द्यावयाचें, तर देणारा व घेणारा यांस एकाच ठिकाणीं आणावें लागे. १९१४ व १९१५ या सालीं सोडियम सायट्रेट मिसळून रक्त प्रवाही ठेवण्याची युक्ति साधली. १९१७ सालीं ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरानें फ्रान्समधील रणभूमीनजीक बर्फांत ठेवलेल्या बाटल्यांतील रक्त जखमी सैनिकांस दिलें. आणि १९३७ सालीं शिकागो येथें बर्नार्ड फँटस यांनीं अशा साठ्यास 'रक्तपेढी' हें नांव दिलें. नांव समर्पक खरें. परंतु पेढींत पैशाची ठेव वाढते, रक्ताची ठेव मात्र दिवसागणिक क्षीण होते.

साठविलेल्या रक्तांत बिंबिका व श्वेतपेशी एकमेकींस चिकटून सूक्ष्म गोळ्या बनतात. १९६१ सालीं अमेरिकेंतील रॉय स्वँक यांनीं असें रक्त बारीक जाळींतून ढकलून पाहिलें. रक्त शिळें होई तसतसा दाब अधिक लागे. रक्त चढवितांना लावावयाची नेहमीची गाळणी सुमारें १७० मायक्रॉन छिद्रांची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बारीक गोळ्या तींतून सहज निसटतात. शिरेंतून दिलेलें रक्त हृदयांतून प्रथम फुप्फुसांत जातें, आणि तेथील केशवाहिन्या तर १० मायक्रॉनांहूनहि अरुंद! एका गाळणींतून सुटलेलें दुसरींत अडकणार, हा तर्क ओघानेंच आला.

या तर्कास व्हिएतनामच्या युद्धानें बळ दिलें. जखमी सैनिक हेलिकॉप्टरनें त्वरित रुग्णालयांत येत. कित्येकांस शरीरांतील सर्व रक्ताइतकें, म्हणजे सुमारें ५ लिटर किंवा त्याहूनहि अधिक, साठविलेलें रक्त दिलें जाई. रक्तस्राव थांबे, नाडी सुधारे. आणि एकदोन दिवसांनीं श्वास कोंडूं लागे. प्राणवायु देऊनहि उपयोग होईना. तेथील लष्करी ठाण्यावरून या विकारास 'दा नांग फुप्फुस' असें नांव पडलें. ज्या रक्तानें वांचविलें, त्यानेंच मारलें काय, असा प्रश्न उभा राहिला. २० ते ४० मायक्रॉनांच्या गाळण्या निघाल्या व अनेक रुग्णालयांनीं त्या स्वीकारल्या.

परंतु आरोप सिद्ध होईना. ज्यांस अधिक रक्त लागे, त्यांच्या जखमाहि अधिक भयंकर असत. मग दोष रक्ताचा कीं जखमेचा? १९६७ सालीं डेन्व्हर येथील ॲशबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशाच १२ रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत कोणास अपघात झाला होता, तर कोणास न्यूमोनिया. कारणें भिन्न, पण परिणाम एकच: केशवाहिन्या झिरपूं लागतात आणि वायुकोशांत पाणी भरतें. बारीक गाळण्यांनीं हा विकार टळतो, असेंहि पुढील तुलनांत निर्विवाद दिसलें नाहीं.

तथापि रक्त सर्वस्वीं निर्दोष ठरलें नाहीं. अति वेगानें अति रक्त दिल्यास हृदयावर भार पडून फुप्फुसांत पाणी सांचतेंच. शिवाय १९८३ ते १९८५ या काळांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील मार्क पोपोव्हस्की यांनीं दाखविलें कीं, एका पिशवीनेंहि कांहीं तासांत फुप्फुसें निकामी होऊं शकतात. दोष साठवणीच्या गोळ्यांचा नव्हता. दात्याच्या रक्तद्रवांतील प्रतिपिंडांचा होता. ते रुग्णाच्या श्वेतपेशींस भिडतात व त्या पेशी फुप्फुसांत दाह माजवितात. असे प्रतिपिंड बहुधा गर्भधारणेमुळें स्त्रियांच्या रक्तांत निर्माण होतात. म्हणून २००३ च्या अखेरीपासून ब्रिटनमध्यें रक्तद्रव शक्यतों पुरुष दात्यांचाच वापरण्याचें धोरण आलें, आणि अशा मृत्यूंची संख्या घटली.

जाळींत अडकलेली गोळी डोळ्यांस दिसत होती, म्हणून प्रथम तिच्यावर ठपका आला. प्रतिपिंड दिसत नव्हते, म्हणून ते दीर्घकाळ सुटले. मात्र संशय आला तेव्हां वैद्यकानें रक्त देणें सोडलें नाहीं, आणि शोध घेणेंहि सोडलें नाहीं. या दोन्ही गोष्टींमुळेंच आज असंख्य जखमींचे श्वास चालू आहेत.