मुंजेंच्या मैदानावर

आमच्या शाळेच्या फाटकाला संध्याकाळी कुलूप लागायचं. आत एवढं मोठं मैदान ओस, आणि बाहेर गल्लीत पोरं विटांचे स्टम्प करून खेळायची. मी पीटीचा मास्तर, विषय काढायचो. मुख्याध्यापकांचा सवाल ठरलेला: "पोरगं पडलं, हात मोडला, तर जबाबदार कोण?" सवाल खोटा नव्हता. पाणी कोण मारणार, फक्की कोण टाकणार, रखवालदाराचा पगार कुठून, हे सगळं त्याच्या पोटात होतं.

म्हणूनच नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानाचं मला नवल वाटतं. नागपूरचे नेत्रवैद्य डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली ही शाळा काढली. त्याआधी, १९३१ मध्ये, ते इटलीत मुसोलिनीला भेटले होते आणि तिथल्या मुलांच्या लष्करी संघटना पाहून आले होते. त्यांना घडवायचे होते कवायत केलेले, बंदूक पेलणारे हिंदू मुलगे. हा हेतू मला कधी पटला नाही. पण मैदान काही संस्थापकाला विचारून वागत नाही.

पुढे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग याच मैदानावर लांब पल्ल्याचे धावपटू तयार करू लागले. मुंजेंच्या हिशेबात नसलेल्या मुली तिथे राउंड मारू लागल्या. सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत त्यांतली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य घेतलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. सुवर्ण जिंकणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे होती ती एक सेकंदही नाही! नंतर याच प्रशिक्षकांच्या हाताखाली संजीवनी जाधव तयार झाली. तिने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य आणलं.

शाळांची मैदानं खुली करा, असं आता सगळेच म्हणतात. पण नुसतं कुलूप काढलं की आत शिरतात त्या मोटरसायकली आणि लग्नाचे मांडव. भोसलाच्या मैदानावर रोज उभा राहणारा, पगारी प्रशिक्षक होता. त्यामुळे संस्थाचालक माझ्याकडे सल्ल्याला आले की मी त्यांना पदकांच्या गोष्टी सांगत बसत नाही. आधी विचारतो, पहाटे शिट्टी घेऊन कोण येणार, त्याला महिन्याला किती देणार, आणि पोरांचा अपघात विमा कुणाच्या खात्यातून भरणार?