तीस इंचांचा ओटा



आपल्याकडे कोणाचे पणजोबा कोणत्या साली महाराजांबरोबर आले, कोण कोणत्या खात्यात होतं, यावर पुष्कळ लिहून झालंय. मी आज स्वयंपाकघराबद्दल लिहिणार आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही बडोद्याच्या घरातलं स्वयंपाकघर नवं केलं, त्या निमित्ताने जे ऐकलं आणि जे सापडलं ते इथे नोंदवून ठेवते.

माझं माहेर ग्वाल्हेरचं. १९८९ साली लग्न होऊन मी शिंद्यांच्या गावातून गायकवाडांच्या गावात आले. आमचं घर दांडियाबाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. ह्यांचे पणजोबा साताऱ्याकडून आले, सयाजीराव महाराजांच्या खानगी खात्यात कारकून म्हणून लागले आणि १९१२ साली त्यांनी हे घर बांधलं. तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर तिथेच आहे, माजघराच्या मागे, पूर्वेच्या खिडकीशी. राज्यं मात्र बदलली. १९४९च्या १ मेपर्यंत ते बडोदा संस्थानात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, आणि १९६०च्या १ मेपासून गुजरातेत आहे. भाकरी त्याच जागी भाजली जात राहिली.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडचा ओटा तीस इंच उंचीचा, काळ्या कडप्प्याचा. माझी उंची पाच फूट पाच इंच. पस्तीस वर्षं मी त्या ओट्याशी वाकून पोळ्या लाटल्या. कमरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी औषधांआधी विचारलं, "तुमचा ओटा किती उंच आहे?" मी घरी येऊन टेप लावली. उत्तर कळलं, पण पुढे दोन वर्षं काही केलं नाही, कारण पैशांचा प्रश्न होता आणि आईंचाही. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ब्याऐंशी.

मुलगा पुण्याला असतो. त्याने तिकडूनच मॉड्युलर किचनवाल्यांचा आकडा काढून पाठवला, चार लाख वीस हजार, वस्तू वेगळ्या. हे निवृत्त आहेत. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, दीड लाखाच्या वर जायचं नाही, आणि त्यातच जुना फ्रिज आणि शेगडीही बदलायची. रात्री जेवताना मी आईंना सांगितलं, "आई, ओटा काढून नवीन उंच करून घेतोय."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. रोज सहाला उठून चहा टाकणारी बाई हॉलमध्ये पेपर घेऊन बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. मी मनातून चिडले. पस्तीस वर्षं माझी कंबर मोडली, ते कोणी पाहिलं नाही, आणि आता एका दगडासाठी हा रुसवा! शेवटी दुपारी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सरळच विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आई १९६२ साली लग्न होऊन आल्या तेव्हा स्वयंपाक जमिनीवर बसून व्हायचा. कोपऱ्यात मातीची दोन वैलांची चूल, शेजारी कोळशाची शेगडी आणि घाईच्या वेळेला घासलेटचा स्टोव्ह. जळण अंगणातून आणायचं, फुंकणीने फुंकायचं, डोळे चोळत भाकऱ्या थापायच्या. पाण्याचं सुख मात्र आधीपासून होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महाराजांनी आजव्याला तलाव बांधून शहरात नळाचं पाणी आणलं, त्यामुळे या घराला बांधल्यापासूनच नळ होता. पण तो अंगणात. आत पाणी आणायचं ते कळशीनेच, आणि ते काम सुनेचं. उठा, बसा, वाका, उचला, असं दिवसभर चालायचं. मोठ्या दोन बाळंतपणांतही यात फरक पडला नाही, असं त्या म्हणाल्या.

मग आला नळाचा गॅस. बाहेरगावच्या मंडळींना हे कदाचित माहीत नसेल. घरोघरी नळाने नैसर्गिक गॅस देण्याचं काम बडोद्याच्या महानगरपालिकेने १९७२ सालीच सुरू केलं, देशात इतर शहरांच्या कितीतरी आधी. जवळपास तेलविहिरी होत्या, त्यामुळे ते जमलं. आमच्या घरी तो १९८१ साली आला. जमिनीवर बसून गॅस वापरायचा नाही, ओटा बांधा, असं सगळे सांगू लागले. आजेसासूबाई तेव्हा होत्या. त्यांचं म्हणणं, "उभ्याने स्वयंपाक करायला ही काय खाणावळ आहे?" नैवेद्याचा स्वयंपाक चुलीवरच होईल, या अटीवर त्या तयार झाल्या.

ओटा किती उंच बांधायचा हे ठरवलं ह्यांच्या आत्यांनी. आत्या इथल्याच विद्यापीठाच्या होम सायन्समध्ये शिकलेल्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९चं, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू, आणि होम सायन्सची फॅकल्टी १९५०ची. आपल्या बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली तिथे शिकल्या. लोक थट्टा करायचे, की पदवी घेऊन शेवटी वरणभातच ना! पण स्वयंपाकघर हे कामाचं ठिकाण आहे, तिथे काम करणाऱ्या बाईचं अंग मोजून वस्तू बसवायला हव्यात, हे आत्या तिथेच शिकून आल्या होत्या.

त्यांनी आईंना भिंतीशी अनवाणी उभं केलं. कणीक मळताना ठेवतात तसा हात कोपरात वाकवायला सांगितला. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली, पस्तीस इंच भरले. त्यातून पाच इंच वजा केले आणि गवंड्याला सांगितलं, "तीस. एक इंच इकडेतिकडे करू नकोस." आईंची उंची चार फूट दहा इंच.

आई मला म्हणाल्या, "अगं, तोवर या घरात माझ्या मापाचं काहीच नव्हतं. पाट सासूबाईंचा, विळी त्यांच्या सासूबाईंची, पोलकीसुद्धा वन्संची उतरलेली. माझं माप घेऊन केलेली पहिली वस्तू म्हणजे तो ओटा. तो तू काढणार, म्हटल्यावर मला आता आत काय काम?"

मला काय बोलावं कळेना. माझी कंबर खोटी नव्हती, पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

तोडगा आमच्या गवंडीकाकांनी काढला. जुना ओटा अकरा फूट लांब, खिडकीपासून मोरीपर्यंत. कडप्प्यावर हातोडीने टकटक करून ते म्हणाले, "बेन, आ पथ्थर ना तोडशो, आवो हवे नथी मळतो." मी तेवढ्यावरच अडून विचार करायला लागले. तीस इंच म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची. उभं राहून काम करायला ती मला कमी पडते, पण खुर्चीवर बसून काम करायला अगदी बरोबर. आईंचे गुडघे आता उभं राहू देतच नव्हते; त्या हट्टाने उभ्या राहत होत्या इतकंच. मग ठरलं. खिडकीकडचा पाच फूट ओटा आहे तसाच ठेवायचा. त्याच्याखालचं मधलं फडताळ काढून पाय आत जातील अशी जागा करायची आणि खुर्ची ठेवायची. उरलेला सहा फूट तोडून पस्तीस इंचांवर नवा बांधायचा. माझं कोपर चाळीस इंचांवर भरलं, त्यातून पाच वजा. मोजायला आत्या आता नाहीत, पण हिशोब त्यांचाच.

खर्चाचं म्हणाल तर एक गोष्ट शिकले, ती सांगते. गॅसची लाईन, मोरीचा निचरा आणि नळ, या तीन गोष्टी जागच्या हलवल्या की खर्च वाढत जातो. आम्ही तिन्ही जागेवर ठेवल्या. जिथे पैसे वाचवायचे नाहीत ते काम म्हणजे वायरिंग. जुन्या घरात लाकडी पट्टीतली वायर होती, अर्थिंग नावालाच. फ्रिज, मिक्सर आणि ओव्हन एकाच बोर्डावर लोंबत होते. ते सगळं नवीन केलं, प्रत्येकाला वेगळा पॉइंट दिला.

कोणाला उपयोगी पडेल म्हणून हिशोब देते. वायरिंग २२,०००. भिंतीच्या टाइल्स मोरबीच्या, सेकंड मालातल्या, लावण्याच्या मजुरीसकट १८,०००. मोरबी आपल्याच राज्यात, त्यामुळे माल बरा आणि स्वस्त मिळतो. नव्या सहा फुटांचं ग्रॅनाइट ९,०००. सुतारकाम ४६,०००, जुन्या सागवानी फडताळाच्या फळ्या वापरल्या म्हणून एवढ्यात झालं. सिंक, नळ आणि प्लंबर ११,५००. गवंडीकाम, सिमेंट, रंग १९,५००. फ्रिज २४,०००, शेगडी ६,५००, एक्झॉस्ट पंखा २,५००. एकूण १,५९,०००. ठरवलेल्यापेक्षा नऊ हजार वर गेले. चिमणी घेतली नाही. खिडकी आहे, पंखा आहे, भागतं.

फ्रिज घेताना दुकानदार पाच तारेवालाच घ्या म्हणत होता. हे तारांचं लेबल २००६ पासून सुरू झालं. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं, पण आपण फक्त तारे मोजतो. ह्यांनी तिथेच कागद मागून घेतला. तीन आणि पाच तारेवाल्यांत वर्षाला साठ युनिटांचा फरक, सात रुपयांनी धरले तर ४२० रुपये. किमतीतला फरक साडेपाच हजार. म्हणजे तो वसूल व्हायला तेरा वर्षं. आम्ही तीन तारेवाला घेतला. ज्यांच्यात हा फरक कमी असेल त्यांनी पाचवाला घ्यावा.

शेगडीच्या बाबतीत मात्र मी फसले, तेही माझ्याच चुकीने. सवलत बघून घाईने मागवली. लावली तर ज्योत मेणबत्तीएवढी. ती सिलिंडरसाठीची होती. सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता जास्त, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक असतं. नळाच्या गॅसला मोठं भोक लागतं. जेट बदलून घेईपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत आईंनी माळ्यावरून जुना वातीचा स्टोव्ह काढायला लावला. घासलेट कुठून आणायचं हा प्रश्न आला तेव्हा सगळे हसलो आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन सेव-उसळ खाऊन आलो. मिक्सर बदलला नाही. तीस वर्षांचा आहे, कपलर नवीन टाकला, चालतो आहे.

टाइल्स काढताना भिंत उघडी पडली ती मी मुद्दाम सगळ्यांना बोलावून दाखवली. पांढऱ्या टाइल्सच्या मागे निळा डिस्टेंपर, त्यामागे चुना, आणि कोपऱ्यात चुन्याच्याही आत काळं. आजेसासूबाईंची चूल तिथे होती. गवंडीकाकांनी पोपडा काढला तर हाताला काजळी लागली. चूल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी लागली. आईंनी त्या काळ्या जागेवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हा धूर मीही गिळलाय." आमच्या घराण्याची वंशावळ छापलेली आहे, त्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत. या धुराची नोंद त्यात कुठेच नाही. त्या भिंतीचा फोटो मी काढून ठेवला, मग त्यावर टाइल लागली.

आता सकाळी सहाला आई खुर्ची ओढून आपल्या तीस इंचांशी बसतात. चहा त्याच करतात, छोटी इंडक्शन शेगडी त्यांच्या बाजूला ठेवली आहे. भाज्या निवडतात, पोळ्या लाटून माझ्याकडे सरकवतात, मी पस्तीस इंचांवर उभी राहून भाजते. लोणच्याच्या येराच्या बरण्या, आपल्या बडोद्याच्याच अलेंबिकच्या, त्यांच्या हाताशी. माझी कंबर पूर्ण बरी झालेली नाही, पण संध्याकाळी आता आडवं व्हावं लागत नाही. ओट्याला जिथे उंची बदलते तिथे पाच इंचांची पायरी आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे असं का ठेवलंत? विचित्र दिसतं." आई उत्तर देतात, "ते माझं माप आहे आणि हे तिचं."

मंडळी, आपापल्या घरातला ओटा कोणी, कधी आणि कोणाच्या मापाने बांधला, हे घरातल्या वडील बायकांना एकदा विचारा. त्या सांगू शकतात तोवर विचारा, आणि इथे लिहा. टेप लावायला विसरू नका.