पन्नाशीचा हप्ता

आरोग्यविम्याची सुरुवात हॉस्पिटलच्या बिलापासून झाली असेल असं आज आपल्याला वाटतं. पण त्याच्या पहिल्या मोठ्या कायद्याला काळजी होती ती बुडालेल्या रोजाची. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या सरकारने कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. वर्गणीचे दोन भाग कामगाराने भरायचे, एक भाग मालकाने. आजारी पडलं तर औषधपाणी मिळायचं आणि तिसऱ्या दिवसापासून तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा पगार. त्या काळी डॉक्टरला करता येण्यासारखं फार काही नव्हतं, त्यामुळे त्याचं बिलही बेताचं असायचं. खरा खर्च होता तो कमावता माणूस घरी पडून राहण्याचा.

त्या व्यवस्थेतली एक गोष्ट आजच्या पॉलिसीच्या फॉर्मशी ताडून बघा. तिथे वर्गणी पगारावर ठरायची. वय विचारून दर ठरवण्याची पद्धतच नव्हती. पंचविशीतला लोहार आणि पन्नाशीतला लोहार यांचा पगार सारखा असेल, तर वर्गणीही सारखी. तरुणाला हे महाग पडत होतं का? हो, थोडं पडत होतंच. पण तोही एक दिवस पन्नाशीचा होणार होता, आणि सक्ती असल्यामुळे मध्येच बाहेर पडायची सोय नव्हती.

मग हप्त्यात वय कधी शिरलं? हा प्रश्न मला पडायचं कारण अगदी घरगुती आहे. माझे बाबा आता पंचावन्नचे आहेत. यंदा मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची नोटीस आली तेव्हा त्यांनी फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "अकरा वर्षं भरतोय. एक रुपयाचा क्लेम नाही. आता हप्ता एवढा वाढलाय. भरायचा का?" माझ्या वयाच्या बहुतेकांकडे असा मेसेज कधी ना कधी येतोच. आपण कोडिंगवाले लगेच एक्सेल उघडतो: इतकी वर्षं गुणिले इतका हप्ता, तेवढे पैसे एफडीत टाकले असते तर किती झाले असते? त्या शीटमध्ये बाबांचं म्हणणं बरोबर दिसतं. पण तिच्यात काय सुटतंय ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

विसाव्या शतकात औषधोपचार खरोखर गुण देऊ लागले आणि त्याबरोबर महागही झाले. १९२९ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात बेलर हॉस्पिटलचा कारभार जस्टिन किंबल नावाचे गृहस्थ बघत होते. ते आधी शिक्षणखात्यात होते, त्यामुळे थकलेल्या बिलांच्या यादीत शिक्षकांची नावं त्यांच्या चटकन लक्षात आली. त्यांनी शिक्षकांपुढे योजना ठेवली: महिन्याला पन्नास सेंट भरा, गरज पडली तर एकवीस दिवस हॉस्पिटलमध्ये राहा. हजाराहून जास्त शिक्षक सामील झाले. पुढे अशाच योजनांमधून 'ब्लू क्रॉस' उभं राहिलं. या योजनांचा दर सुरुवातीला सगळ्यांना सारखा असायचा. तरुण-म्हातारे, धडधाकट-आजारी, सगळे एकाच मडक्यात.

हे चाललेलं बघून नफ्यासाठी धंदा करणाऱ्या विमा कंपन्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पगारवाढीवर सरकारी मर्यादा होती, म्हणून कंपन्या कामगारांना खेचण्यासाठी विमा देऊ लागल्या. विमा कंपन्यांना तर हे फारच सोयीचं होतं. नोकरीवर असलेली माणसं म्हणजे बहुतेक तरुण आणि कामापुरती तरी तब्येत असलेली. त्यांना त्यांच्या खर्चाच्या हिशोबाने स्वस्त दर देता यायचा. असे स्वस्त गट बाहेर पडत गेले तसे सारख्या दराच्या मडक्यात वयस्क आणि आजारी उरले, आणि तिथला दर चढू लागला. शेवटी १९६५ मध्ये अमेरिकन सरकारला पासष्टीवरच्यांसाठी 'मेडिकेअर' आणावं लागलं.

या सगळ्याचं गणित १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी एका छोट्या निबंधात मांडलं. तो निबंध आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. २००१ साली अकरलॉफना नोबेल मिळालं. तो लोकांना लक्षात आहे तो सेकंडहँड गाड्यांमुळे, पण त्यात विम्याचंही उदाहरण आहे. पासष्टीनंतर विमा मिळणं इतकं अवघड का? जोखीम जास्त असेल तर किंमत वाढवून विमा विकता यायला हवा ना?

एक खेळण्यातलं उदाहरण घेऊ. आकडे मी मनाने घेतलेत. दहा माणसं आहेत. त्यांचा वर्षाचा अपेक्षित खर्च अनुक्रमे १ हजार, २ हजार असा १० हजारांपर्यंत आहे. प्रत्येकाला स्वतःचा अंदाज आहे, विमा कंपनीला फक्त सरासरी माहीत आहे. मनःशांतीसाठी प्रत्येक जण आपल्या अपेक्षित खर्चाच्या सव्वापट द्यायला तयार आहे. कंपनी सरासरीइतका, म्हणजे ५,५०० रुपये हप्ता लावते. पहिले चौघे म्हणतात, परवडत नाही. उरलेल्या सहांची सरासरी होते ७,५००. आता पाचवा जातो. हप्ता ८,०००, सहावा जातो. हप्ता ८,५०० वर येतो तेव्हा चौघेच उरलेले असतात. सव्वापट द्यायला दहाही जण तयार होते, आणि तरी सहा जण बाहेर पडले. यात कोणी खोटं बोललं नाही, कोणी फसवलं नाही. ज्याने त्याने एक्सेल उघडलं, एवढंच.

आता आपल्याकडे येऊ. भारतातल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याचा आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सरकारला सादर केला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महिन्याला ४०० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येत. दोनेक वर्षांत ती मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्याच योजनेचं. बिस्मार्कच्या व्यवस्थेसारखीच ही व्यवस्था होती: सक्तीची, पगारावर बेतलेली, वय न विचारणारी.

तिचा कच्चा दुवा नोकरी हा होता. वर्गणी पगारातून जायची. पगार थांबला की काही महिन्यांत हक्कही आटायचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यांच्यातले कितीतरी जण परत कामावर गेलेच नाहीत. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाची नोकरी गेली, की ज्या वयात दवाखाना लागू लागतो नेमक्या त्याच वयात विमाही जायचा.

याच दशकात, १९८६ साली, चार सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' आणलं. गिरणीचा संप आणि मेडिक्लेम यांचा थेट संबंध नाही, पण दोन जगांमधला फरक स्पष्ट दिसतो. मेडिक्लेम ऐच्छिक होतं, ज्याचं त्याने घ्यायचं होतं, हॉस्पिटलात भरती झालात तरच उपयोगी होतं आणि आधीपासूनच्या आजारांना बाहेर ठेवणारं होतं. म्हणजे अकरलॉफची दहा माणसं आता आपल्याकडेही आली. त्याच सुमारास मध्यमवयाचे उपचारही बदलत होते. झुरिकमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी केली, तो रुग्ण अडतीस वर्षांचा होता. आधी ज्या दुखण्याने माणूस जायचा, त्यातून तो आता वाचू लागला. बिल हातात घेऊन घरी येऊ लागला.

पुढचा इतिहास म्हणजे या मडक्याला पडलेली भोकं एकेक करून बुजवण्याचा आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी विमा कंपनीला मेडिक्लेमचं नूतनीकरण मनमानीपणे नाकारता येणार नाही. २०११ पासून जुनी वर्षं न गमावता दुसऱ्या कंपनीकडे जाता येऊ लागलं. २०१३ च्या नियमांनी आयुष्यभर नूतनीकरणाचा हक्क दिला. २०२४ मध्ये आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही आजार लपवला होता' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटीही गेला.

या नियमांकडे एकत्र बघितलं तर बाबांच्या प्रश्नाचा खरा आकार कळतो. भारतीय कायद्याने हप्ता आटोक्यात ठेवण्यापेक्षा जागा टिकवण्यावर जास्त भर दिला आहे. प्रतीक्षा संपलेली, पाच वर्षं उलटलेली, कंपनीला काढून टाकता न येणारी जागा. बाबांनी अकरा वर्षांत एक रुपया परत घेतला नाही हे खरं, पण ती जागा त्यांनी कमावली. यंदा हप्ता चुकवून दोन वर्षांनी परत यायचं ठरवलं, तर ते सत्तावन्न वर्षांचे नवे ग्राहक असतील. मधल्या काळात साखर निघाली असेल तर ती 'आधीपासूनचा आजार' ठरेल. माझ्या एक्सेलमध्ये या जागेसाठी कॉलम नव्हता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हप्ता परवडेनासा झाला तर नूतनीकरणाचा हक्क कागदावर राहतो. महात्मा फुले योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, पाच लाखांपर्यंत. पण ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी. सत्तरी ओलांडली की आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच उत्पन्न न विचारता मिळतं. मग पंचावन्न ते सत्तर या मधल्या पट्ट्याचं काय? इथे केनेथ अ‍ॅरो यांचा १९६३ चा निबंध कामाला येतो. त्यांनी दाखवलं, की विमा कंपनी आपला खर्च आणि नफा हप्त्यात धरत असेल तर ग्राहकाने छोटा खर्च स्वतः सोसावा आणि एका मर्यादेपलीकडचा सगळा विम्यावर टाकावा, हे सगळ्यात फायद्याचं. आपल्याकडे त्याला सुपर टॉप-अप म्हणतात. त्याचा हप्ता बराच कमी असतो.

म्हणून आम्ही मूळ पॉलिसी बंद केली नाही. तिची रक्कम कमी करून घेतली, वर सुपर टॉप-अप जोडला आणि खालच्या छोट्या खर्चांसाठी एक एफडी केली. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-बाबा दोघंही आहेत, पण ते या हिशोबात धरलेलं नाही. माझी नोकरी जाईल त्या दिवशी तीही जाईल. गिरणी कामगारांच्या कार्डाचं झालं तेच.

राहिला आपला प्रश्न, म्हणजे पंचविशी-तिशीतल्यांचा. त्या खेळण्यातल्या उदाहरणात सगळ्यात आधी बाहेर पडणारे चौघे आपण आहोत. 'मला काय होतंय' म्हणून आपण विमा घेत नाही, आणि त्याची किंमत त्याच वर्षी आपल्या आई-बापांच्या नोटिशीवर छापून येते. वीस-पंचवीस वर्षांनी तशीच नोटीस आपल्याला येईल, तेव्हा मडक्यात किती जण उरलेले असतील ते आज आत येणाऱ्यांवर ठरणार आहे.