विषाणू, घराणे आणि एक नर्तकी

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. १९८८ सालापासून तो पाळला जातो. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या शाळेतली त्या दिवशीची प्रभातफेरी डोळ्यांसमोर आणा. मुलांच्या हातात फलक आहेत, घोषणा ठरलेल्या आहेत. फेरी गावाला वळसा घालून परत येते. मग गुरुजी फळ्यावर विषाणूची आकृती काढतात, तो पसरण्याचे मार्ग लिहितात आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत प्रश्न आला तर पैकीच्या पैकी गुण मिळतात.

यात वावगे काही नाही. पण एक प्रश्न उरतोच. ज्यांना या माहितीची सर्वांत जास्त गरज होती, त्या माणसांपर्यंत ती पोहोचली कशी? पोहोचल्यावर त्यांनी तिच्यावर विश्वास का ठेवला? ठाण्यात जन्मलेल्या आणि वाढलेल्या एका नर्तकीच्या आयुष्यात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते. त्यांचे नाव लक्ष्मीनारायण त्रिपाठी.

आजार नवा, भीती जुनी

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील एका सरकारी आरोग्यपत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने या आजारामागचा विषाणू वेगळा केला. भारतात १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत तो प्रथम दाखवून दिला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

एच. आय. व्ही. हा विषाणू आपल्या रक्तातील 'सीडी-४' नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. शरीराच्या संरक्षणाची सूत्रे हलवणाऱ्या नेमक्या याच पेशी. तेथे तो आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो आणि तो डीएनए पेशीच्या डीएनएत गुंतवून टाकतो. उपचार न केल्यास आजाराची ठळक लक्षणे दिसायला साधारण आठ-दहा वर्षे लागू शकतात. या काळात माणूस धडधाकट दिसतो, कामधंदा करतो, आणि त्याच्याकडून इतरांना लागण होऊ शकते. म्हणजे 'आजारी दिसतो त्याच्यापासून दूर राहा' हा देवी-पटकीच्या काळातला शहाणपणा येथे लागू पडत नाही. येथे उपयोगी पडते ती माहिती, निरोध आणि रक्ततपासणी. या तिन्ही गोष्टींसाठी माणसाला मोकळेपणी बोलता आले पाहिजे. नेमके तेच अवघड होते.

नाचणारे मूल

लक्ष्मी ठाण्यातल्या एका उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबातले थोरले अपत्य. सगळ्यांनी मुलगा म्हणून वाढवले. लहानपणी दम्याने प्रकृती नाजूक होती. ओढ मात्र नाचाची. मुलगा असून बाईसारखा नाचतो म्हणून चिडवणे रोजचेच होते. मोठ्यांच्या हातून अत्याचारही सोसावे लागले. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात (शब्दांकन वैशाली रोडे) त्यांनी हे स्वतःच सांगितले आहे.

याच शाळकरी वयात त्यांची अशोक राव कवी यांच्याशी भेट झाली. समलिंगी पुरुषांसाठी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढणारे आणि पुढे १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन करणारे ते हेच. तुझ्यात काहीही विकृत नाही, शिक्षण सोडू नकोस, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कोणा वडीलधाऱ्याने इतके सरळ बोलावे, हा त्या मुलासाठी मोठाच आधार ठरला. पुढे लक्ष्मी मिठीबाई महाविद्यालयात शिकल्या, भरतनाट्यमचे उच्च शिक्षण घेतले, नृत्याचे वर्ग घेतले आणि काही काळ मुंबईच्या डान्स बारमध्येही नाचल्या. १९९८ साली त्यांनी लतागुरूंचे शिष्यत्व पत्करले व त्या हिजडा समाजात सामील झाल्या. आईवडिलांशी नाते मात्र तुटले नाही.

नाचण्याला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारील. त्याचेही एक ऐतिहासिक कारण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग उत्तर हिंदुस्थानातील हिजड्यांवर रोखलेला होता. नोंदवहीत नाव असलेल्या हिजड्याने स्त्रीवेशात रस्त्यावर दिसणे किंवा सार्वजनिक जागी नाचगाणे करणे हा गुन्हा ठरवला गेला, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. परंपरेने शुभप्रसंगी नाचून आशीर्वाद देणाऱ्या समाजाची उपजीविकाच त्यामुळे संशयास्पद ठरली. कायदा पुढे गेला, संशय राहिला.

घराणे म्हणजे काय?

हिजडा समाजात घराणी असतात. घरच्यांनी टाकलेले मूल गुरूच्या आश्रयाला येते, चेला होते. गुरूची गुरू, गुरुबहीण, चेल्याची चेली अशी नात्यांची उतरंड असते आणि घराण्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात. येथे गुरूचा शब्द चालतो. आजारपणात, मरणात हीच माणसे धावून येतात.

आश्चर्य असे, की अशीच घराणी हजारो मैल दूर न्यूयॉर्कमध्येही उभी राहिली. तेथील कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी समलिंगी व तृतीयपंथी तरुणांनी 'बॉलरूम' नावाच्या स्पर्धा सुरू केल्या. भाड्याच्या सभागृहात रात्रभर वेशभूषा, चाल आणि नाच यांच्या स्पर्धा चालत. त्यांत उतरणारे गट स्वतःला 'हाऊस' म्हणवतात आणि त्यांच्या प्रमुखांना 'मदर' किंवा 'फादर'. घराणे आणि हाऊस, गुरू आणि मदर. शब्द निराळे, गरज एकच. फॅशन मासिकांतील चित्रांसारख्या ठाशीव मुद्रांचा 'व्होग' हा नाच तेथेच वाढला, आणि विली निंजा या नर्तकाने तो जगभर नेला. एड्सने या हाऊसमधील माणसे भराभर मरू लागली, तेव्हा निंजा यांच्यासारख्यांनी बॉलरूममध्येच संरक्षणाविषयी बोलायला सुरुवात केली. 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' या संस्थेने तर १९९० च्या सुमारास स्वतःचेच 'हाऊस ऑफ लेटेक्स' काढले. लेटेक्स म्हणजे निरोधाचे रबर. आरोग्यसंस्थेने बाहेर उभे राहून उपदेश करण्याऐवजी ती घराणे बनून आत आली. विली निंजा स्वतः २००६ साली एड्समुळे उद्भवलेल्या हृदयविकाराने, वयाच्या ४५ व्या वर्षी वारले.

आतून आलेला शब्द

आता मुंबई-ठाण्याकडे परत येऊ. दाई वेल्फेअर सोसायटी ही हिजड्यांनी हिजड्यांसाठी चालवलेली संस्था. दक्षिण आशियातील अशी पहिली नोंदणीकृत संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. २००२ साली लक्ष्मी तिच्या अध्यक्ष झाल्या. काम साधे दिसते: वस्तीत जायचे, निरोध द्यायचे, गुप्तरोगांवर उपचार घ्यायला सांगायचे, तपासणीसाठी सोबत जायचे. पण त्यातली अडचण बाहेरच्याला दिसत नाही. हिजडा समाजाची प्रतिष्ठा विरक्तीच्या कल्पनेवर उभी असते. अनेक जणी पोटासाठी शरीरविक्रय करतात हे सर्वांना ठाऊक असते, पण ते उघड बोलायचे नसते. निरोध हातात घेणे म्हणजे त्याची कबुली देणे. बाहेरून आलेल्या डॉक्टरला ही कबुली कोण देणार? चेल्याच्या नात्याने घरात बसलेली, तीच भाषा बोलणारी, तीच टाळी वाजवणारी बाई हे सांगते तेव्हा गोष्ट वेगळी होते.

बाहेरचा धोकाही होताच. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार समलिंगी संबंध गुन्हा होता. २००१ साली लखनौमध्ये एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी अटक केली आणि दीड महिन्याच्या आसपास त्यांना तुरुंगात काढावा लागला. जीव वाचवणारी माहिती वाटणे हाच गुन्हा ठरू शकत होता.

लक्ष्मी दूरचित्रवाणीवर आल्या, डान्स बारवर २००५ साली बंदी आली तेव्हा तिच्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. २००७ साली त्यांनी 'अस्तित्व' ही संस्था काढली आणि २००८ साली संयुक्त राष्ट्रसंघात एड्सविषयीच्या बैठकीत आशिया-प्रशांत विभागाच्या वतीने बोलल्या. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेत त्याही पक्षकार झाल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंग-ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध कलम ३७७ मधून वगळले गेले, आणि त्याच महिन्यात एच. आय. व्ही. बाधितांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा अमलात आला.

आकड्यांचा धडा

२०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत हिजडा व तृतीयपंथी व्यक्तींमध्ये एच. आय. व्ही. चे प्रमाण सुमारे ३.१ टक्के आढळले. देशातील सर्व प्रौढांत ते सुमारे ०.२२ टक्के होते. भागाकार मुलांनाच करू द्या. उत्तर चौदाच्या आसपास येईल. मग विचारा: विषाणूला स्त्री, पुरुष, तृतीयपंथी असा भेद कळतो का? कळत नाही. मग ही चौदापट आली कोठून? शाळेतून गळती, घरातून हकालपट्टी, इतर रोजगार नाही, दवाखान्यात हेटाळणी. ही सगळी उत्तरे विषाणूशास्त्राच्या बाहेरची आहेत, पण त्यांच्याशिवाय विषाणूचा प्रवास समजत नाही.

आज औषधे आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. नियमित गोळ्या घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. पण गोळी घ्यायला माणूस दवाखान्यात यावा लागतो, आणि तेथे आपला अपमान होणार नाही असा भरवसा त्याला वाटावा लागतो.

येथे शिक्षकाचा संबंध येतो. वर्गात बाकाच्या कोपऱ्यात बसलेला, चालण्या-बोलण्यावरून टिंगल होणारा एखादा मुलगा आपल्याही शाळेत असेल. त्याला कोणी 'तुझ्यात काही चुकीचे नाही, शाळा सोडू नकोस' असे म्हटले आहे का? ठाण्यातल्या एका मुलाला ते वेळेवर ऐकायला मिळाले, आणि त्यातून पुढे शेकडो दारांपर्यंत विज्ञान पोहोचवणारी नर्तकी घडली. पुढच्या १ डिसेंबरला प्रभातफेरी जरूर काढावी. पण त्याआधी वर्गातली ती टिंगल थांबवावी. एड्स-प्रतिबंधाची सुरुवात तेथून होते.